दाराबाहेरची मंडळी

जर्मनीतल्या बाड नाउहाइम नावाच्या लहानशा गावात १९५९ साली एका घराला पाटी लावलेली होती. सह्या संध्याकाळी साडेसात ते आठ या वेळातच मिळतील, एवढाच तिचा मजकूर. दवाखान्याबाहेर डॉक्टरांची वेळ लिहिलेली असावी तसा. घरातला भाडेकरू अमेरिकी सैन्यात शिपाई होता. दिवसा शेजारच्या फ्रीडबर्गच्या छावणीत नोकरी, संध्याकाळी घर. पण हा शिपाई म्हणजे रॉक गायक एल्व्हिस प्रेस्ली. ऑक्टोबर १९५८ ते मार्च १९६० तो त्या भागात राहिला आणि त्याच्या फाटकाशी पोरासोरांची गर्दी हटली नाही. सैन्याला शिस्त हवी होती, शेजाऱ्यांना शांतता हवी होती, पोरांना सही हवी होती. त्यावर हा अर्ध्या तासाचा तोडगा निघाला.

रॉक संगीताचा इतिहास लिहिणारे गाण्यांबद्दल, तबकड्यांच्या खपाबद्दल, बँडमधल्या भांडणांबद्दल भरभरून लिहितात. फाटकाबाहेर उभ्या राहिलेल्या मुलामुलींना त्यात फारशी जागा मिळत नाही; मिळालीच तर किंचाळणारा घोळका एवढीच. हा त्यांच्यावर अन्याय आहे. गाणारा आणि ऐकणारा यांच्यात किती अंतर आहे, ते कधी वाढलं आणि कुणी वाढवलं, हे त्या दाराबाहेरच्या मंडळींच्या हकिकतींतून जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसऱ्या कशातून दिसत नाही. आणि त्या मंडळींच्या वहीतली सही हा त्या अंतराचा लेखी पुरावा आहे.

सही मागण्याची रीत रॉकहून कितीतरी जुनी. नाटकवाल्यांना ती थिएटरच्या मागच्या दारी मागत, क्रिकेटपटूंना पॅव्हेलियनच्या पायरीशी. आपल्याकडे महात्मा गांधी सहीचे पाच रुपये घेत आणि ते हरिजन निधीत जमा करत. सही मागणाऱ्याचा हात एका कामाला लावून घेण्याची ती त्यांची युक्ती होती. रॉकनं या जुन्या रीतीत बदल केला तो वयाचा. १९५० च्या दशकात अमेरिकेत आणि मग ब्रिटनमध्ये तेरा ते एकोणीस या वयाच्या मुलांच्या खिशात पहिल्यांदाच स्वतःचे असे चार पैसे आले. मिनिटाला ४५ फेरे घेणारी लहान तबकडी त्या पैशांत बसत होती. गाणारेही विशीतले. नट किंवा खेळाडू हा वडीलधारा वाटायचा. हा गिटारवाला पलीकडच्या गल्लीतला दादा वाटायचा. त्याच्याकडे जायला भीड नव्हती.

लिव्हरपूलमध्ये तर तो खरोखरच पलीकडच्या गल्लीतला होता. मॅथ्यू स्ट्रीटवरच्या कॅव्हर्न या तळघरात फेब्रुवारी १९६१ ते ऑगस्ट १९६३ या काळात बीटल्स या चौघांच्या बँडचे २९० च्या आसपास कार्यक्रम झाले. त्यातले कित्येक दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतले. आसपासच्या कचेऱ्यांतल्या टायपिस्ट मुली आणि दुकानांतली पोरं डबा खाता खाता गाणी ऐकत, आणि गाणी संपली की तिथंच वादकांशी गप्पा मारत. ओलसर भिंती, घामाचा वास, मंचापासून हातभर अंतरावर पहिली रांग. अशा ठिकाणी सहीला फारसा अर्थच नव्हता. रोज भेटणाऱ्या माणसाची सही कोण घेतं?

सही सुरू झाली ती तबकडीबरोबर. ‘लव्ह मी डू’ ही बीटल्सची पहिली तबकडी ५ ऑक्टोबर १९६२ ला बाजारात आली आणि दुसऱ्याच दिवशी, शनिवारी दुपारी, विडनेस गावातल्या डॉसन्स या वाद्यांच्या दुकानात चौघं सह्या करायला बसले. पुढच्या जानेवारीत, ‘प्लीज प्लीज मी’च्या वेळी, त्यांचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन याच्या लिव्हरपूलमधल्या नेम्स या दुकानात पुन्हा तोच कार्यक्रम. दुकानात टेबल, टेबलामागे कलाकार, समोर रांग: आज पुस्तकाच्या दुकानापासून मॉलपर्यंत सगळीकडे दिसणारी ही मांडणी बीटल्सना पुढं जवळजवळ करताच आली नाही. गर्दी दुकानात मावेना.

१९६३ च्या त्या वर्षात बीटल्स ब्रिटनभर दौरे करत होते. फेब्रुवारीत हेलन शपिरो या गायिकेच्या कार्यक्रमात ते दुय्यम पाहुणे होते. मे-जूनच्या दौऱ्यात रॉय ऑर्बिसनसारखा मोठा गायक सोबत असूनही शेवटी गाण्याचा मान त्यांना मिळू लागला. गावोगावच्या थिएटरांत एक ठरलेली पद्धत होती. मागच्या दाराशी बसणारा दरवान मुलांच्या सह्यांच्या वह्या, फोटो आणि कार्यक्रमपत्रिका गोळा करायचा, तो गठ्ठा मेकअपच्या खोलीत पाठवायचा आणि कार्यक्रम संपेपर्यंत परत आणून द्यायचा. सुरुवातीला चौघं इमानेइतबारे बसून सह्या करत. मग एक जण चौघांच्याही करू लागला. एकमेकांच्या सह्या त्यांना चांगल्याच जमत. मग तेही होईना, तेव्हा गठ्ठा नील ॲस्पिनॉल आणि मॅल एव्हान्स यांच्या पुढ्यात येऊ लागला.

या दोघांची ओळख करून घ्यायला हवी, कारण जगभरच्या कितीतरी घरांत जपून ठेवलेली ‘बीटल्सची सही’ प्रत्यक्षात यांच्या हातची आहे. नील हा हिशेबनीस व्हायला निघालेला तरुण. बँडची व्हॅन चालवता चालवता तो त्यांच्यातलाच झाला आणि पुढं ॲपल या त्यांच्या कंपनीचा कारभार त्यानं कित्येक दशकं सांभाळला. मॅल हा टेलिफोन खात्यातला धिप्पाड इंजिनिअर. कॅव्हर्नच्या दाराशी गर्दी आवरायचं काम त्याच्याकडे होतं, तिथून तो बीटल्सचं सामान वाहायला आला. दोघांनीही चारही सह्या घोटून घोटून बसवल्या होत्या. आज लिलावात सही तपासणारे जाणकार ‘ही नीलची’ आणि ‘ही मॅलची’ असं वेगळं ओळखतात.

याला फसवणूक म्हणायचं का? त्या पोरांना खोटी वस्तू मिळाली, हे खरंच आहे. पण रात्री दोन खेळ, बाहेर हजारभर पोरं, आणि आलेली वही कोरी परत पाठवली तर दारात रडारड; अशा वेळी त्या दोघांनी केलं ते समजण्यासारखं होतं. चुकीची गोष्ट वेगळीच होती. कुणीतरी मुलांना खरं सांगायला हवं होतं, आणि तेवढं कुणी केलं नाही.

म्हणूनच फ्रेडा केली हे नाव आदरानं घ्यावं लागतं. कॅव्हर्नमध्ये नेमानं येणारी ही टायपिस्ट मुलगी सतराव्या वर्षी एपस्टाइनच्या कचेरीत कामाला लागली आणि बीटल्सच्या चाहत्यांच्या मंडळाचा पत्रव्यवहार तिच्याकडे आला. सुरुवातीला तिनं पत्ता दिला तो स्वतःच्या घराचा, आणि पुढं टपालानं वडिलांच्या घराचं काय केलं असेल याची कल्पना करावी. तिचा नियम साधा होता: मागितलं ते मिळालं तर खरंच मिळायला हवं. एका मुलीनं उशीचा अभ्रा पाठवून त्यावर बँडमधल्या रिंगोनं झोपावं अशी विनंती केली, तर फ्रेडानं तो रिंगोच्या आईकडे नेऊन दिला आणि तसं करवून घेतलं. केसांच्या बटा मागणाऱ्या पत्रांना मदतनीस मुलींनी भलत्याच कुणाचे केस पाठवल्याचं तिला कळलं, तेव्हा तिनं त्यांना कामावरून काढून टाकलं. त्याच सुमाराला लंडनच्या कचेरीतून जी पत्रं जात त्यांवर ॲन कॉलिंगहॅम असं नाव असे, आणि या नावाची बाईच अस्तित्वात नव्हती. दोन कचेऱ्या, दोन वृत्ती.

मंडळ १९७२ मध्ये बंद झालं. फ्रेडाकडे साठलेल्या वस्तू विकून ती श्रीमंत झाली असती. तिनं बहुतेक सगळ्या चाहत्यांना वाटून टाकल्या आणि पुन्हा सेक्रेटरीची नोकरी धरली. तिच्यावरचा माहितीपट आला तो २०१३ मध्ये. तोवर तिनं या विषयावर जवळपास तोंड उघडलं नव्हतं.

२९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये बीटल्सनी शेवटचा तिकिटाचा कार्यक्रम केला. किंकाळ्यांत स्वतःचं गाणं स्वतःला ऐकू येईना, म्हणून त्यांनी दौरेच बंद केले. त्यानंतर जेमतेम पंधरवडा झाला असेल, त्यांच्यातला जॉर्ज हॅरिसन पत्नी पॅटीसह मुंबईत उतरला. रविशंकरांकडे सतार शिकायची होती. मुक्काम ताजमहाल हॉटेलात, नाव खोटं: मिस्टर आणि मिसेस सॅम वेल्स. ओळख लपावी म्हणून त्यानं मिशाही वाढवल्या होत्या. तरी हॉटेलातल्या एका कर्मचाऱ्यानं ओळखलंच, आणि बघता बघता अपोलो बंदरावर तरुण पोरापोरींची गर्दी उभी राहिली. बीटल्सच्या तबकड्या मुंबईत मिळत होत्या, रेडिओ सिलोन होतं. या शहरातल्या मुलांना जॉर्ज कोण हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शेवटी १९ सप्टेंबरला त्याला ताजमध्येच पत्रकारांना भेटावं लागलं. आपण इथं बीटल म्हणून आलो नाही, विद्यार्थी म्हणून आलो आहोत, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. तरी धडे नीट होईनात, म्हणून गुरू-शिष्य काश्मीरला निघून गेले.

दीड वर्षानं, जानेवारी १९६८ मध्ये, तोच जॉर्ज मुंबईत फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित करायला आला. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, आशिष खाँ असे वादक त्या कामात होते. या वेळी काम निवांत झालं. मुंबईनं रॉकवाल्यांना असे निवांत क्षण पुढंही दिले. १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट इथं आले, स्थानिक वादकांना घेऊन त्यांनी दोन गाणी मुद्रित केली आणि कुलाब्यातल्या स्लिप डिस्क या डिस्कोत रात्री गिटार उचलून वाजवायला उभे राहिले. ज्यांच्यासाठी अमेरिकेत क्रीडागारं भरत होती ते दोघं इथं टेबलापासून चार पावलांवर होते. त्या गाण्यांचं ते मुद्रण अधिकृतपणे लोकांपुढं यायला २०१५ उजाडलं.

लंडनमध्ये मात्र दाराबाहेर एक नवीनच जग उभं राहत होतं.

अ‍ॅबी रोडवरच्या ३ क्रमांकाच्या इमारतीत ईएमआयचा स्टुडिओ. तिथून चालत काही मिनिटांवर, कॅव्हेंडिश ॲव्हेन्यूवर, बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीचं घर. १९६८ पासून सॅव्हिल रोवर ३ क्रमांकातच ॲपलची कचेरी. या तीन ठिकाणांच्या त्रिकोणात काही मुली वर्षानुवर्षं, थंडीपावसात, रात्रीच्या रात्री पायऱ्यांवर बसून राहत. बहुतेक सोळा ते वीस वर्षांच्या. कुणी दुकानात, कुणी कचेरीत नोकरी करणाऱ्या. काही तर अमेरिका आणि ब्राझीलसारख्या देशांतून आलेल्या. त्यांना नाव पडलं ‘ॲपल स्क्रफ्स’, म्हणजे ॲपलच्या दाराशी बसणाऱ्या गबाळ्या पोरी. त्यांनी ते आनंदानं मिरवलं. ओळखपत्रं केली, स्वतःचं मासिक काढलं. आज कोण कुठल्या स्टुडिओत आहे, किती वाजता निघणार, कुणाचा मूड बरा नाही, हे त्यांना वर्तमानपत्रांच्या आधी कळायचं. पत्रकारांनी त्यांच्याकडून बातम्या घ्याव्यात अशी स्थिती होती.

या मुलींकडे सह्या होत्याच, पण इतक्या की सहीचं अप्रूप संपलं होतं. त्यांना हवं होतं ते दोन शब्द बोलणं, एखादी ओळखीची मान डोलावणी, थंडी पडलीय, घरी जा, असं कुणीतरी म्हणणं. सहीच्या निमित्तानं सुरू झालेली गोष्ट सहीच्या पलीकडे गेली ती इथं.

लिझी ब्राव्हो ही त्यातली एक. रिओ दि जानेरोची मुलगी, १९६७ मध्ये किशोरवयात लंडनला आली ती बीटल्सना पाहायला आणि तिथंच कामधंदा धरून राहिली. ४ फेब्रुवारी १९६८ या रविवारी ती अ‍ॅबी रोडला नेहमीसारखी थांबली होती. आत ‘अक्रॉस द युनिव्हर्स’ या गाण्याचं ध्वनिमुद्रण चाललं होतं आणि वरच्या पट्टीतले बायकी सूर हवे होते. रविवारी रात्री गायिका कुठून आणायच्या? पॉल बाहेर आला आणि उंच सूर टिकवून धरता येईल अशी कुणी आहे का, असं त्यानं मुलींनाच विचारलं. लिझी आणि गेलीन पीझ अशा दोघी आत गेल्या. एक सोळा वर्षांची, दुसरी सतरा. जॉन लेननच्या गाण्यात त्या गायल्या. ते मुद्रण डिसेंबर १९६९ मध्ये वन्य प्राण्यांच्या मदतीसाठी काढलेल्या एका तबकडीवर आलं आणि आजही ऐकायला मिळतं. दाराबाहेरून दाराच्या आत, तेही थेट मायक्रोफोनपर्यंत, जाण्याचं रॉकच्या इतिहासातलं याहून सुंदर उदाहरण नसावं. लिझी २०२१ मध्ये वारली. तोवर तिनं आपल्या रोजनिशीवरून त्या दिवसांवर पुस्तकही लिहिलं होतं.

सगळंच इतकं गोड नव्हतं. काही मुली शिडी लावून बाथरूमच्या खिडकीतून पॉलच्या घरात शिरल्या आणि फोटो, कपडे घेऊन गेल्या. पॉलनं त्यावर केलेलं गाणं ‘अ‍ॅबी रोड’ तबकडीवर आहे. राग आणि कौतुक दोन्ही त्यात मिसळलेलं ऐकू येतं. जॉर्जनं १९७० मध्ये आपल्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ या तीन तबकड्यांच्या संचात या मुलींच्या नावानंच एक गाणं घातलं, आणि ते तयार झाल्यावर त्यांना स्टुडिओत बोलावून ऐकवलं. ताजमधून पळ काढावा लागलेला हाच तो माणूस. गर्दीला तो घाबरत होता. तीच गर्दी रोजच्या चेहऱ्यांची झाली तेव्हा त्यानं त्या चेहऱ्यांचे आभार मानले.

दाराच्या आतली माणसंही कधीतरी दाराबाहेर उभी राहिलेली असतात, हे विसरता कामा नये. २७ ऑगस्ट १९६५ ला बीटल्स लॉस एंजेलिसमध्ये एल्व्हिसच्या घरी गेले तेव्हा चौघंही सुरुवातीला गप्प बसून त्याच्याकडे पाहत राहिले. सर्वांत कासावीस झाला होता मॅल एव्हान्स, कारण एल्व्हिस त्याचा देव. गिटारची नखी कुणाकडे आहे का, अशी विचारणा झाली. मॅलच्या खिशात ती नेहमी असायची, आणि नेमका त्या दिवशी धुलाईवाल्यानं खिसे शिवून टाकलेले. मग त्यानं स्वयंपाकघरात जाऊन प्लॅस्टिकच्या चमच्यांच्या नख्या करून आणल्या, असं तो पुढं सांगायचा. हजारो मुलांसाठी बीटल्सच्या सह्या गिरवणारा हा माणूस स्वतः त्या रात्री सही मागायला आलेल्या पोरासारखा कावराबावरा झाला होता.

अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनची गोष्ट तर आणखी पुढची. ऑक्टोबर १९७५ मध्ये ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांच्या मुखपृष्ठावर तो एकाच आठवड्यात झळकला होता. पुढच्या एप्रिलच्या २९ तारखेला मेम्फिसमध्ये कार्यक्रम झाला आणि मध्यरात्र उलटल्यावर तो टॅक्सी करून एल्व्हिसच्या ग्रेसलँड या घरी गेला. वरच्या खिडकीत दिवा दिसला म्हणून भिंतीवरून उडी मारून आत. दाराशी पोचायच्या आत पहारेकऱ्यानं धरलं. मी गिटार वाजवतो, माझाही बँड आहे, मुखपृष्ठांवर होतो, असं त्यानं बरंच काही सांगून पाहिलं. पहारेकऱ्यानं शांतपणे त्याला रस्त्यावर आणून सोडलं. एल्व्हिस घरी नव्हताच, लेक टाहोला होता. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला आणि ही भेट कायमची राहिली.

त्या रात्रीचा परिणाम असेल किंवा मुळातला स्वभाव असेल, स्प्रिंगस्टीन चाहत्यांना टाळत नसे. १९८० च्या दौऱ्यात तो एकटाच सिनेमाला गेला होता. चित्रपट वूडी ॲलनचा ‘स्टारडस्ट मेमरीज’, त्यातला दिग्दर्शक चाहत्यांच्या ससेमिऱ्यानं वैतागलेला. एक मुलगा शेजारी येऊन बसला आणि पुढं म्हणाला, तुम्हालाही असंच वाटतं का? नाही, असं उत्तर देऊन स्प्रिंगस्टीन त्या मुलाबरोबर त्याच्या घरी गेला. आईचा विश्वास बसेना. मुलानं आतून तबकडीचं कव्हर आणून चेहऱ्याशेजारी धरलं, तेव्हा कुठं पटलं. आणि मग तिनं स्वयंपाकाला घेतलं. ही हकिकत स्प्रिंगस्टीननंच सांगितलेली.

त्याच वर्षाच्या शेवटी, ८ डिसेंबरला, न्यू यॉर्कमध्ये सगळं बदललं.

जॉन लेनन डाकोटा या इमारतीत राहायचा, सेंट्रल पार्कसमोर. तिच्या कमानीशी चाहते असत आणि येताजाता तो थांबून बोले. न्यू यॉर्कमध्ये मोकळं फिरता येतं, याचा त्याला फार आनंद होता. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला स्टुडिओत जायला निघताना पंचविशीतल्या एका तरुणानं ‘डबल फँटसी’ ही नवी तबकडी पुढं केली. लेनननं तिच्यावर नाव आणि वर्ष लिहिलं. आणखी काही हवंय का, असंही त्यानं आपुलकीनं विचारल्याचं सांगतात. पॉल गोरेश हा हौशी छायाचित्रकार, स्वतःही नेहमी तिथं येणारा चाहता, त्यानं तो क्षण टिपला: खाली मान घालून सही करणारा लेनन आणि शेजारी तो तरुण. रात्री अकराला दहा कमी असताना लेनन परत आला, तेव्हा तोच तरुण तिथंच थांबला होता, आणि त्यानं पाठीमागून गोळ्या झाडल्या.

या एका घटनेची सावली पुढच्या प्रत्येक सहीवर पडली. सही मागायला येणाऱ्या हातात पेनाखेरीज काहीही असू शकतं, हे कलाकारांच्या आणि त्यांच्या रक्षकांच्या मनात कायमचं बसलं. लोखंडी कठडे, मागच्या वाटा, गळ्यात अडकवायचे पास यांचं राज्य आलं. दाराशी तासन् तास थांबणाऱ्या मुलीकडे आता भक्त म्हणून पाहण्याऐवजी संशयानं पाहिलं जाऊ लागलं. ज्या लाखो चाहत्यांनी कधी कुणाला ओरखडाही काढला नव्हता, त्यांनी त्या एका माणसाची किंमत मोजली आणि अजून मोजत आहेत.

आणि बरोबर एका वर्षानं, डिसेंबर १९८१ मध्ये, सदबीज या लिलावघरानं लंडनमध्ये रॉकच्या वस्तूंचा पहिला मोठा लिलाव भरवला. तोवर पोरांच्या कपाटात पडलेल्या कागदांना एकदम बाजार मिळाला. बाजार आला तसे धंदेवाले आले. दाराशी थांबणाऱ्यांत दोन जाती झाल्या: एक जण वहीवर आपलं नाव घालून सही मागायचा, दुसरा म्हणायचा, नाव नको, नुसती सही करा. नाव नसलेली सही विकायला सोपी. अनेक कलाकार ‘तुझं नाव काय?’ असं आवर्जून विचारतात ते जिव्हाळ्यापोटी असेल, पण त्यामागे हाही हिशेब असतो. बनावट सह्यांचं पीक आलं, त्या पारखणारे जाणकार आले, प्रमाणपत्रं आली. नील आणि मॅलनं गडबडीत केलेल्या सह्यांनाही मग संग्राहकांत वेगळी किंमत मिळू लागली.

कलाकार थकले. ऑक्टोबर २००८ मध्ये रिंगो स्टारनं एका ध्वनिचित्रफितीत जाहीर केलं की २० ऑक्टोबरनंतर आलेल्या पत्रांवर आणि वस्तूंवर आपण सह्या करणार नाही. शांती आणि प्रेम हे शब्द त्यानं त्यातही पुन्हा पुन्हा उच्चारले, तरी चाहते दुखावले. पॉल मॅकार्टनीनं २०२१ मध्ये सांगितलं की आपणही आता सह्या देत नाही. सही मागणाऱ्याला आपण कोण हे ठाऊक असतं आणि आपल्यालाही ते ठाऊक असतं, मग कागदावर नाव लिहिण्याचा खटाटोप त्याला विचित्र वाटत आलेला. सेल्फीही नको, त्यापेक्षा दोन मिनिटं गप्पा मारू, असं त्याचं म्हणणं. वरवर हे तुसडं वाटेल. पण ॲपलच्या पायऱ्यांवरच्या मुलींना हवं होतं ते हेच होतं.

याच्या अगदी उलट टोक गायक बॉब डिलनच्या बाबतीत दिसलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच्या ‘द फिलॉसॉफी ऑफ मॉडर्न साँग’ या पुस्तकाच्या ९०० प्रती त्याच्या हातच्या सहीसह म्हणून ५९९ डॉलरला एक अशा विकल्या गेल्या. खरेदीदारांनी आपापल्या प्रतींचे फोटो एकमेकांशी ताडून पाहिले तर सह्या रेघेला रेघ जुळणाऱ्या: सही गिरवणाऱ्या यंत्रातून निघालेल्या. सायमन अँड शूस्टर या प्रकाशकांनी माफी मागून पैसे परत केले. डिलननंही निवेदन काढलं: चक्कर येण्याच्या आजारामुळे आणि साथीच्या काळातल्या अडचणींमुळे यंत्र वापरलं, ती चूक झाली. इथं एक गोष्ट लक्षात घ्यावी. ही लबाडी कुणा तज्ज्ञानं उघडकीला आणली नाही. चाहत्यांनी आणली. स्टुडिओच्या पायऱ्यांवर बसून चौघांच्या वेळा आणि मूड टिपून ठेवणाऱ्या पोरींचीच ती नजर होती.

लंडनमधल्या केन्सिंग्टनमध्ये, लोगन प्लेसच्या १ क्रमांकाच्या घराभोवती उंच भिंत आहे. गार्डन लॉज हे ते घर ‘क्वीन’ या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचं. झांझिबारमध्ये जन्मलेला हा फरोख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात राहून शिकला, तिथंच मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढून पियानोवर बसला आणि १९६४ मध्ये कुटुंबाबरोबर इंग्लंडला गेला. २४ नोव्हेंबर १९९१ ला तो याच घरात वारला. आता सही द्यायला कुणी नव्हतं. तेव्हा चाहत्यांनी उलटंच केलं: भिंतीवर आणि तिच्यातल्या हिरव्या दारावर त्यांनी स्वतःच्या सह्या करायला सुरुवात केली. नावं, तारखा, निरोप, चित्रं. वर्षानुवर्षं जगभरातून माणसं येत राहिली आणि त्या दारावर लिहीत राहिली. अ‍ॅबी रोडच्या स्टुडिओबाहेरच्या पांढऱ्या भिंतीवरही असंच चालतं. ती ठरावीक काळानं रंगवून कोरी करतात आणि ती पुन्हा भरते.

गार्डन लॉजचं दार मात्र रंगवलं गेलं नाही. फ्रेडीची मैत्रीण मेरी ऑस्टिन हिला वारशानं ते घर मिळालं होतं. तिनं २०२३ मध्ये त्याच्या वस्तू विकायला काढल्या तेव्हा ते दारही सदबीजच्या लिलावात आलं. अंदाज होता १५ ते २५ हजार पौंडांचा. ६ सप्टेंबरच्या संध्याकाळी ते ४,१२,७५० पौंडांना गेलं. त्या दारावर फ्रेडीची एकही सही नव्हती. होत्या त्या सगळ्या बाहेर उभ्या राहिलेल्यांच्या.